गारवा किती, वीज किती?

चैत्र सरत आला की विदर्भात ऊन तापू लागते. वैशाखात ते पेटते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा या बाजूला पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. २३ मे २०१३ या दिवशी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. आपल्या अंगाची ऊब असते सदतीस अंशांच्या आसपास. म्हणजे त्या दिवशी बाहेरची हवा आपल्या अंगापेक्षाही दहा अंशांनी जास्त तापलेली होती. अशा दुपारी दार उघडले की तोंडावर भट्टीची झळ लागते.

पूर्वी घरे मातीची होती. भिंती हात हात जाड. वर कवेलू. दुपारची झळ त्या भिंतीतून आत येईपर्यंत संध्याकाळ होत असे. आता माती गेली. कोणी टिनाचे पत्रे टाकले, कोणी सिमेंटचा स्लॅब टाकला. पावसाची काळजी मिटली, हे खरे. पण टिन सकाळी दहालाच तापते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते घरात ओततो. मग पंखा लागतो. पंख्याने भागत नाही म्हणून कूलर लागतो. ज्याला परवडते तो एसी आणतो. महिना संपतो, विजेचे बिल येते, आणि घरात भांडण सुरू होते.

हे भांडण कमी कसे करता येईल, ते या धड्यात पाहू. गारवाही मिळावा आणि बिलही आवाक्यात राहावे. त्यासाठी थोडे वाचावे लागेल आणि थोडे गणित करावे लागेल. दोन्ही आता तुम्हाला येते.

युनिट म्हणजे काय?

तेल आपण लिटरने मोजतो. धान्य किलोने मोजतो. वीज युनिटने मोजतात.

प्रत्येक उपकरणावर एक छोटी पट्टी चिकटवलेली असते. पंख्याच्या मधल्या गोळ्यावर पहा. कूलरच्या पाठीवर पहा. तिथे एक आकडा आणि पुढे ‘वॉट’ असे लिहिलेले असते. पुष्कळदा ‘वॉट’ऐवजी एकच इंग्रजी अक्षर असते. दोन खोलगट दऱ्या शेजारी शेजारी काढाव्यात, तसे ते दिसते. त्या उपकरणाला वीज किती लागते, हे तो आकडा सांगतो. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. तो दिवसातून १६ तास चालला असे धरा. ७५ गुणिले १६ म्हणजे १२००. याला हजाराने भागले की १.२ युनिट. महिन्याचे तीस दिवस. झाले ३६ युनिट.

आता बाजारात नव्या जातीचा पंखा आला आहे. दुकानदार त्याला ‘बीएलडीसी पंखा’ म्हणतो. तो साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. तोही १६ तास चालवला, तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत भागते. एका पंख्यामागे एकवीस-साडेएकवीस युनिट वाचले. हा पंखा घेताना महाग पडतो. पण ज्या घरात पंखा चैत्रापासून भाद्रपदापर्यंत थांबत नाही, तिथे तो आपले पैसे परत करतो. ज्या खोलीत पंखा कधीमधीच लागतो, तिथे जुनाच असू द्या. उगीच बदलू नका.

आणखी एक गोष्ट. जुन्या पंख्याचा गोल, जाडजूड रेग्युलेटर असतो ना, गरम होणारा? त्याने पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही. पंख्याची वाचलेली वीज तो स्वतःच तापून उडवतो. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला, तर पंखा हळू केल्यावर वीजही कमी लागते.

पंखा हवा गार करतो का?

करत नाही. हे ऐकून नवल वाटेल. पण बंद खोलीत पंखा लावून तासाने आत या. खोली तेवढीच गरम असेल.

पंखा हवा हलवतो. हलती हवा अंगावरचा घाम सुकवते. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून आपल्याला गार वाटते. गार होते ते अंग, खोली नव्हे. तेव्हा खोलीत माणूस नसेल, तर पंखा कोणासाठी चालू ठेवायचा? भिंतींना घाम येत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. अशा वेळी अंग ओले हवे. ओल्या फडक्याने हातपाय, मान, तोंड पुसा. ओला दुपट्टा खांद्यावर टाका. मग पंखा लावा. तोच पंखा, तीच वीज, पण आता त्याचा उपयोग होतो.

कूलर म्हणजे मोठा माठच

माठातले पाणी गार का होते? माठाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते. वाऱ्याने ते सुकते, आणि सुकताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. कूलरमध्ये हेच घडते. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून पाणी ओघळते. पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून ओढतो. हवेचा ताप पाणी सुकवण्यात खर्च होतो आणि आत येते ती गार हवा.

पावसाळ्यात माठाचे पाणी गार होत नाही, हे आपण जाणतो. हवेतच ओल असते. पाणी सुकणार कुठे? म्हणून कूलर विदर्भात चालतो, मराठवाड्यात चालतो, पण रत्नागिरीत किंवा मुंबईत तो फारसा कामाचा नाही. तिथली हवा समुद्राची, ओली. विदर्भातही मृगाचा पाऊस पडला की कूलरचे काम संपले असे समजा.

साध्या कूलरला, पंखा आणि पाण्याचा पंप मिळून, साधारण २०० वॉट लागतात. बारा तास चालला तर २.४ युनिट. महिन्याचे ७२. एसीच्या मानाने हे थोडे आहे. आमच्या मते कोरड्या मुलखात, ज्या घरी पाण्याची टंचाई नाही, तिथे कूलरसारखे स्वस्त साधन दुसरे नाही.

पण कूलर लावायची रीत आहे. एका गावातली ही बोलाचाली वाचा.

“भाऊ, नवा कूलर आणला. रात्रंदिवस चालू असते. पण घर काही थंड होत नाही. उलट अंग चिपचिप करते.”

वायरमनने आत डोकावून पाहिले. कूलर खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. दार बंद, खिडक्या बंद.

“काकाजी, खिडक्या कायले लावल्या?”

“थंडावा बाहेर जाईल ना जी!”

“आतली हवा बाहेर गेली नाही, तर नवी येईल कुठून? तुमचा कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवते. भिजलेले धोतर भिजलेल्या धोतरानं पुसल्यावानी झाले हे.”

“मग कसं करू?”

“याले खिडकीत बसवा, पाठ बाहेर करून. पाठीवर सावली करा. अन् समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा.”

काकाजींनी तसे केले. पाठीवर सावलीसाठी तुराट्यांचा आडोसा बांधला. रात्री घरच्यांना पांघरूण शोधावे लागले.

कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका. टाकी घासा, एक दिवस कोरडी ठेवा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी बदलून ती जात नाहीत, म्हणून घासायचे.

कूलर जीव घेऊ शकतो

हा भाग हळू वाचा. घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे मरतात. बहुतेक वेळा पाणी भरताना. कूलर लोखंडी पत्र्याचा. खाली फरशी ओली. पाय उघडे. आतली वायर कुठे खरचटलेली असली की सगळ्या पत्र्यात वीज उतरते. लहान मूल खेळता खेळता हात लावते, आणि त्याला सोडवायला गेलेली आईही चिकटते.

म्हणून पाणी भरायचे असेल तेव्हा नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असेल, तर बटण बंद असूनही कूलरमध्ये वीज असते. प्लग ओढून काढा. मगच पाणी भरा, मगच ताटीला हात लावा.

कूलरला तीन पायांचाच प्लग हवा. तिसरा, जाड पाय अर्थिंगचा. तो घरच्या अर्थिंगच्या तारेला खरोखर जोडलेला आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. मीटरजवळ गळती ओळखून वीज तोडणारे एक बटण बसवता येते. त्याला ‘आरसीसीबी’ म्हणतात. विजेने अंगात शिरायला सुरुवात केली की ते डोळ्याचे पाते लवायच्या आत वीज तोडते. पंख्यावर पैसे घालण्याआधी या बटणावर घाला.

कोणी चिकटलेच, तर त्याला हाताने धरू नका. आधी मेन स्विच पाडा. तो जवळ नसेल तर कोरडे लाकूड किंवा कोरडी काठी घेऊन त्याला दूर ढकला. आणि आकडा टाकून वीज घेणाऱ्याच्या घरी यातले कोणतेच संरक्षण नसते, एवढे सांगून पुढे जाऊ.

थर्-मो-स्टॅट

शब्द अवघड आहे. तोडून वाचा. थर्-मो-स्टॅट. याचा अर्थ गरमीचा राखणदार.

पाण्याच्या टाकीत तरंगणारा गोळा तुम्ही पाहिला असेल. टाकी भरत आली की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरले की गोळा उतरतो आणि नळ सुरू होतो. थर्मोस्टॅट असेच काम करतो, पण पाण्याऐवजी उष्णतेवर. इस्त्रीत तो असतो. दोन निरनिराळ्या धातूंची पट्टी एकमेकींना चिकटवलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि वीज तुटते. निवाली की सरळ होते आणि वीज पुन्हा जोडली जाते. म्हणून इस्त्रीचा दिवा मध्येच विझतो.

फ्रिजमध्येही तो असतो. एसीमध्येही असतो. पण दोन्हींचे आकडे उलटे आहेत, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. फ्रिजच्या आतल्या चकतीवर १, २, ३ असे आकडे असतात. ते अंश नव्हेत. तिथे आकडा जितका मोठा, तितका गारवा जास्त. चकती मधल्या आकड्यावर असली की रोजचे काम भागते. एसीच्या पाटीवर मात्र खरे अंश असतात. तिथे आकडा जितका लहान, तितका गारवा जास्त आणि वीजही जास्त.

शहरातून मुलगा येतो. घामाने डबडबलेला असतो. एसीचा आकडा एकदम अठरावर आणतो आणि म्हणतो, “लवकर थंड होईल.” होत नाही. बैल पाच कोसांच्या गावाला निघाले काय आणि दहा कोसांच्या गावाला निघाले काय, चालतात त्याच चालीने. साधा एसीही तसाच. अठरा ठेवा की चोवीस, तो एकाच वेगाने गार करतो. फरक इतकाच की चोवीसवर तो चोवीस अंश झाल्यावर थांबतो. अठरावर तो थांबतच नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असताना अठरा अंश गाठणे त्याला जमतही नाही. तो रात्रभर धापा टाकतो. नव्या, ‘इन्व्हर्टर’ जातीच्या एसीला चाल बदलता येते. पण अठराचा हुकूम दिला की तोही रात्रभर पळत राहतो.

दिल्लीला ऊर्जा दक्षता ब्युरो नावाचे सरकारी कार्यालय आहे. वीज जपून कशी वापरावी, याचे नियम तेथून निघतात. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले घरगुती एसी चोवीस अंशांवर लावूनच कारखान्यातून यावेत, असा नियम झाला. मालकाला तो आकडा बदलता येतो. ब्युरोचा हिशेब असा की आकडा एका अंशाने वर नेला, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते.

गणित करू. दीड टनाचा साधा एसी धडधडत असताना साधारण १५०० वॉट खातो. समजा, वीस अंशांवर ठेवल्यामुळे तो रात्री एकूण पाच तास धडधडला. झाले साडेसात युनिट. महिन्याचे २२५. आता आकडा चोवीसवर नेला. चार अंशांत सुमारे पन्नास युनिट वाचले. चोवीसवरही थांबू नका. सव्वीसवर ठेवा आणि सोबत छताचा पंखा हळू लावा. हलत्या हवेत सव्वीस अंशही गारच वाटतात.

एसी चालू असताना दारे-खिडक्या घट्ट लावा. कूलरला खिडकी उघडी हवी, एसीला बंद हवी. दोन्ही एकाच खोलीत एकदम कधीही लावू नका. कूलर हवा ओली करतो आणि एसी ती ओल काढण्यातच दमतो. एसीची जाळी पंधरा दिवसांनी काढून धुवा. कापसाच्या हंगामात आठवड्याने धुवा.

एसी किंवा फ्रिज घेताना त्यावरची ताऱ्यांची पट्टी वाचा. एक तारा ते पाच तारे. जास्त तारे म्हणजे कमी वीज. ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिट लागतील, हेही छापलेले असते. एसीच्या पट्टीवरचा आकडा वर्षाचे १६०० तास धरून काढलेला असतो. पट्टीवरचे सालही वाचा. ताऱ्यांचे नियम काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे सारखे नसतात.

छपराला पांढरा रंग

वीज न लागणारा गारवाही आहे. काळा बैल उन्हात जास्त तापतो, पांढरा कमी. छपराचेही तसेच. स्लॅबवर किंवा टिनावर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याची पांढरी सफेदी करा. पांढरे छप्पर ऊन परत फेकते. घरातला उकाडा दोन ते पाच अंशांनी कमी होऊ शकतो. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. पण एका दिवसाचे काम आहे.

मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरावर उष्णतेची मोठी लाट आली. एरवीपेक्षा १३४४ माणसे त्या महिन्यात जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले.

टिनाखाली बुरडाकडचे तट्टे ठोकले, तरी झळ अडते. मध्ये हातभर पोकळी ठेवा. टिनावर पऱ्हाट्यांचा ढीग मात्र टाकू नका. एका ठिणगीने घर जाईल. घरात कूलर नसेल, तर सकाळी आठ-नऊला खिडक्या लावून घ्या आणि रात्री उघडा.

बिलाच्या पायऱ्या

महावितरणच्या घरगुती बिलात दराच्या पायऱ्या आहेत. पहिल्या शंभर युनिटांना कमी दर. १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त. पुढे ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. दर वेळोवेळी बदलतात, ते बिलावर छापलेले असतात.

समजा, एका घराचे उन्हाळ्यात १६० युनिट होतात. वरचे ६० महाग दराने. त्यांनी दोन पंखे बदलले. ४३ युनिट कमी झाले. हे ४३ सगळे महाग पायरीवरून उतरले. म्हणून युनिट पाव भागाने कमी झाले, तरी बिल त्याहून जास्त उतरते.

फायदा तुमच्या एकट्याचाही नसतो. सायंकाळी सात वाजता सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू होतात. गावची डीपी तापते. पंखे मंद फिरतात. कधी डीपी जळते, आणि ऐन वैशाखात चार चार दिवस अख्खे गाव अंधारात, उकाड्यात बसते.

आजीचा पंखा

पुष्कळ घरांत आजी दुपारी एकटी असते. बिल जास्त आले म्हणून मुलगा रागावलेला तिने ऐकलेले असते. ती गुपचूप उठते आणि पंख्याचे बटण बंद करते. पदराने वारा घेत टिनाखाली पडून राहते.

ही बचत नव्हे. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान कळत नाही, आणि ऊन आतल्या आत चढते. आजी, बाळंतीण, तान्हे मूल, आजारी माणूस यांचा पंखा, कूलर बंद करायचा नाही. हे घरच्या कर्त्याने स्वतःच्या तोंडाने आजीला सांगितले पाहिजे. बिलाचा विषय तिच्यासमोर काढू नये. बचत करायची ती रिकाम्या खोलीच्या पंख्यात, अठराच्या आकड्यात, जुन्या रेग्युलेटरमध्ये.

अंग तव्यासारखे तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, उठवून उठेना, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतणे चालू ठेवा.

अभ्यास

१. घरातल्या प्रत्येक पंख्याची पट्टी वाचा. वॉटचा आकडा वहीत लिहा. तो रोज किती तास चालतो, ते त्यापुढे लिहा.

२. एक कूलर १८० वॉटचा आहे. तो रोज १० तास चालतो. तीस दिवसांचे युनिट किती होतील?

३. कूलर लावल्यावर खिडकी उघडी का ठेवायची आणि एसी लावल्यावर बंद का ठेवायची, हे शेजाऱ्याला तुमच्या शब्दांत समजावून सांगा.

४. रविवारी सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा लिहा. मोठ्यातून लहान वजा करा. आलेला आकडा पुढच्या वर्गाला घेऊन या.